बेटावरची मोळकरीण

सोनीबाई मला आवडायची असं मी म्हणणार नाही. बाळहिरडा, म्हणजे वाळवलेली हिरड्याची कोवळी फळं, विकायला आली की माझ्या काट्यावरून तिची नजर हलायची नाही, आणि पोत्याच्या तळाशी ओला माल घालायला ती चुकायची नाही. मीही ओलीचं वजन कापून घ्यायचे, दोघी एकमेकींना पुरून उरायचो. तरी तिची गोष्ट मीच सांगणार. बाकीचे सांगतात ते एक तर रडून सांगतात नाही तर हसून, आणि मला दोन्हींचा राग येतो.

आमचं दुकान धरणाच्या पाण्याला लागून आहे. किराणा, चहा, हंगामात हिरड्याची खरेदी. पर्यटकांच्या बोटी समोरच लागतात. पाण्याच्या मध्ये एक टेकडी आहे. धरण व्हायच्या आधी तिच्या पायथ्याला वस्ती होती, भाताची खाचरं होती. पाणी चढलं, सगळं खाली गेलं आणि माथा तेवढा वर राहिला. त्याला आता बेट म्हणतात. माथ्यावर हिरड्याची झाडं आहेत आणि त्यांच्या मधोमध शेंदूर लावलेला एक दगड, म्हणजे देव. वैशाखात पाणी उतरलं की गाळातून चालत जाता येतं. एरवी तराफा नाही तर बोट.

त्या हिरड्यांवर एक किडा होता. काटक्यांचे बारीक तुकडे स्वतःच्याच धाग्यानं चिकटवून तो बोटाच्या पेराएवढी पिशवी करायचा आणि तिच्यात राहून फांदीला लोंबकळायचा. बाईच्या डोक्यावर लाकडाची मोळी असावी तसा दिसायचा, म्हणून त्याला इकडे मोळकरीण म्हणत. देवाच्या टेकडीवरून जी बाई लाकूड तोडून आणेल ती पुढच्या जन्मी मोळकरीण होऊन लटकेल, असं म्हातारी माणसं सांगायची. पुरुषांचं काय होईल ते कोणी सांगायचं नाही.

सोनीबाईचा नवरा लवकर गेला. दोन खाचरं भाताची, वर उतारावर थोडी नाचणी आणि एक मुलगी. मुलीला आजीचं नाव ठेवलेलं, चिमा. काळीसावळी, हसरी, बोलण्यात आईसारखीच तिखट. हिरडा वेचायला मायलेकी तराफ्यावरून बेटावर जायच्या आणि चिमाचं गाणं काठावर ऐकू यायचं. गळा काही खास नव्हता.

तिचं लग्न गोकुळशी झालं. गोकुळ पलीकडच्या वाडीतला, डोंगर ओलांडला की जुन्नरची हद्द, तिथला. स्वतःची मोटारबोट, तिच्यावर ओझरच्या गणपतीचा फोटो, पोरगा दिसायला नीटस. सोनीबाई हरखून गेली होती. वरात घरी पोचल्यावर गोकुळनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव काढलं, वृषाली. सोनीबाई तिथं होती. ती म्हणाली, "चिमा काय वाईट हाय वो, पावणं?"

"म्हातारीचं नाव हाय ते," गोकुळ म्हणाला. "आमच्यात चालत न्हाई."

सगळे हसले. तांदूळ गोळा करून डब्यात गेले आणि चिमाची वृषाली झाली. यात नवीन काही नाही. मलाही उज्ज्वला म्हणतात ते सासरी आल्यापासून. माहेरी काय म्हणायचे ते सांगून आता कोणाचं भलं होणार नाही.

पोटुशी असताना चिमा एकदा एकटीच चालत आईकडे आली. ओठ फुटलेला, दंडावर बोटांचे वळ. सोनीबाईनं तिला न्हाऊ घातलं, तांदळाची भाकर केली, आणि सकाळी ओटी भरून स्वतः परत पोचवून आली. येताना दुकानात टेकली.

"थोडं सोसाया पायजे पोरीच्या जातीनं," ती म्हणाली. "नांदली न्हाई तर ठिवू कुठं तिला?"

इथं असं करणाऱ्या आयांची रांग लागेल, तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच भाद्रपदात, दिवस भरायच्या आधी, चिमा बोटीतून पाण्यात पडली आणि बुडाली. बोट गोकुळची, बोटीत ती दोघंच. तोल गेला, असं गोकुळनं सांगितलं. बोट लावून तो धावत आमच्याच दुकानाशी आला. पाण्यावर पोट भरणारा, पट्टीचा पोहणारा गडी, आणि त्याचा शर्ट कोरडा होता. चौकशीला आलेल्या माणसाला मी हे सांगितलं. तो चहा पिऊन गेला.

मंचरहून श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून आला. चिमाचा लग्नातला फोटो, पाठीमागे ढग आणि खाली नाव, वृषाली. सोनीबाईला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. दहाव्याच्या विधीलाही वृषालीच म्हटलं गेलं. तेव्हा ती मध्येच मोठ्यानं म्हणाली, "चिमा म्हना. चिमा व्हती ती."

गोकुळचा चुलता म्हणाला, "गप बसा मामी. दिलेलं नाव बदलत नसतंय."

त्या दिवसापासून सोनीबाईच्या डोक्यात एकच बसलं. पोर तर गेली, पण तिचं नावही कुठं उरलं नाही. शाळेच्या दाखल्यावरचं सोडलं तर कागदावर, फ्लेक्सवर, माणसांच्या तोंडी सगळीकडे वृषालीच मेली होती, आणि चिमा कधी जन्मलीच नव्हती. हिरड्याचं पोतं टेकवलं की ती मला विचारायची, "उज्ज्वला, तू तरी तिला चिमाच म्हनतीस न्हवं?" मी हो म्हणायचे. गोकुळनं वर्ष व्हायच्या आत दुसरी केली.

पुढच्या आश्विनात पुण्याहून एक प्राध्यापक आले. त्यांच्याबरोबर आरती नावाची त्यांची विद्यार्थिनी, गळ्यात भिंग, खांद्याला जाळी. पतंगांचा अभ्यास होता त्यांचा, म्हणजे एरवी दिव्याभोवती घिरट्या घालतात तसल्या पाखरांचा. गोकुळची बोट ठरवून ते बेटावर गेले. सकाळची वेळ होती. उतरता उतरता काळ्या अंगाचं, काचेसारख्या पंखांचं एक पाखरू गोकुळच्या बाहीवर येऊन बसलं. सरांनी ते बाहीवरच पकडलं. असं पाखरू पूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं. पाखरू तुझ्या अंगावर आलं तेव्हा नावही तुझंच, असं सर बोटीत बोलले, आणि शब्दाला जागले. वर्षभरात कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात ते छापून आलं. आधी एक लांबलचक लॅटिन घराण्याचं नाव आणि पुढं गोकुली.

सरांचा यात दोष नाही, त्यांना काय माहीत. पण मला तेव्हा संताप आला आणि अजून येतो. गोकुळनं पुन्हा मंचर गाठलं. या वेळच्या फ्लेक्सवर पाखराचा मोठा फोटो, शेजारी गॉगल घातलेला गोकुळ, आणि वर जगाच्या नकाशावर आपलं नाव. तो फ्लेक्स त्यानं आमच्या दुकानासमोरच्या खांबाला बांधला. सोनीबाई येता जाता त्या पाखराकडे बघायची. काळं अंग, काचेचे पंख, तिच्या चांगलं लक्षात राहिलं.

आरती मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली. तिला बेटावरच्या अळ्या हव्या होत्या. गोकुळ फार लगट करतो म्हणून ती त्याची बोट टाळू लागली आणि सोनीबाईच्या तराफ्यावरून जाऊ लागली, मुक्कामही तिच्याकडेच. सोनीबाई भात रांधायची, आरती पडवीत बसून भिंगातून मोळकरणी बघायची. हळूहळू तिला चिमाची सगळी गोष्ट कळली. मऊ मनाची पोरगी, ऐकता ऐकता डोळे भरून यायचे तिचे. मऊ मनाच्या माणसांची मला भीती वाटते, ती काय करून बसतील सांगता येत नाही.

एकदा दुकानात दोघी चहा पीत होत्या. आरती सांगत होती की मोळकरणींमधली मादी पिशवीतच वाढते, पिशवीतच अंडी घालते आणि पिशवीतच मरते. तिला पंख नाहीत, डोळे नाहीत, धड पायही नाहीत. त्यामुळे ती बेट सोडून कधीच जाऊ शकत नाही. खालच्या खोऱ्यातल्या पाण्यात बुडाल्या, वर राहिल्या तेवढ्याच जगात शिल्लक.

"मावशी, बेटावरच्या ह्या मोळकरणीला शास्त्रात अजून नाव नाही," आरती म्हणाली. "मी ते चिमाचं ठेवीन."

सोनीबाईनं कप खाली ठेवला. "कुनी बदललं तर?"

"नाही बदलता येत. आमच्यात नियम आहे. पहिलं ठेवलेलं नाव तेच खरं. नंतर कोणी कितीही मोठ्या माणसानं दुसरं ठेवलं तरी ते बाद."

"म्हंजी तुमच्यात चिमा खरी आन् वृषाली खोटी?"

आरती हसली. "नियमानं तसंच."

"लई शानी मानसं हायेत तुमची," सोनीबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्या गोकुळच्या पाखराचा आन् हिचा काय संबंद?"

"काही नाही. ती वेगळी जात, ही वेगळी."

"मंग ठिवा."

तिच्या सरांना हे पटलं नव्हतं. मोळकरणीचा नर, म्हणजे पंखवाला, सापडल्याशिवाय नाव देऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं, कारण असल्या किड्यांची ओळख नरावरूनच पटते. पण आरतीला घाई झाली होती, थोडी चिमासाठी आणि थोडी स्वतःच्या नावासाठीही. नुसती पिशवी आणि तिच्यातली मादी एवढ्यावर तिनं ते छापून आणलं. पुढं चिमाए. बाईचं नाव असलं की शेवटी असं ए लावतात म्हणे. मोळकरणीचा रंगीत फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव, असा कागद तिनं सोनीबाईला आणून दिला. मी तो प्लास्टिकात घालून दिला. सोनीबाईनं तो देवांच्या शेजारी लावला आणि हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी तिनं मला कोरडा हिरडा आणून दिला, तळापर्यंत कोरडा.

मी तिला एवढी सुखी आधी कधी पाहिली नव्हती. येईल त्याला घरात नेऊन कागद दाखवायची. "वाच," म्हणायची, आणि समोरचा चिमा म्हणाला की मान हलवायची. वाडीतल्या बाया पाठीमागं हसायच्या, सोनीबाईची लेक किडा झाली म्हणून. गोजरबाई नावाची एक आहे, तिनं तर तोंडावर विचारलं, "देवाचं लाकूड चोरलं व्हतं का गं तुझ्या पोरीनं?" सोनीबाईनं उलट उत्तर दिलं नाही. तिचं पोट भरलेलं होतं.

"तिचा नर मिळाला की काम पुरं होईल," आरती एकदा बोलून गेली.

"नगं मिळू दे," सोनीबाई म्हणाली. "हाय तशी बरी हाय ती."

दिवाळी जवळ आली. घरोघरी लेकी माहेरपणाला यायला लागल्या, पाण्यावरून, डोंगरावरून, हातात पिशव्या आणि कडेवर पोरं. सोनीबाई तराफा घेऊन बेटावर गेली आणि मोळकरणी लागलेल्या हिरड्याच्या डहाळ्या घेऊन आली. कोंबड्या झाकायचं डालगं धुऊन पुसून तिनं पडवीत ठेवलं, डहाळ्या पाण्याच्या तांब्यात उभ्या केल्या आणि वर डालगं पालथं घातलं, चिमण्या-कावळ्यांनी टिपू नये म्हणून.

मी बघायला गेले तर म्हणाली, "चार दिस माहेरपनाला आनलीया." मला हसू आलं नाही. तिनं खरंच करंज्या केल्या होत्या.

माहेरपणाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, ती धापा टाकत दुकानात आली. पदर खांद्यावरून घसरलेला, त्याची शुद्ध नाही.

"फोन लाव आरतीला. लाव आधी."

मी लावून दिला. सोनीबाई फोनमध्ये ओरडून बोलायची, त्यामुळे दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. "बाई, गोकुळ आलाय. चिमाला खातुया. मारला तर दुसरा येतुया. तुमी या, काय तरी करा."

मी दुकान टाकून तिच्याबरोबर गेले. पडवीत डालग्यावर काळी पाखरं बसली होती, फ्लेक्सवरचीच, काचेच्या पंखांची. बेटावरून एवढं पाणी ओलांडून आलेली. काही फटीतून आत शिरली होती. एक मोळकरणीच्या पिशवीला उलटं बिलगलं होतं आणि त्यानं आपलं शेपूट पिशवीच्या तोंडातून आत खोल घातलं होतं. बाकीची भोवती फडफडत होती. सोनीबाईनं केरसुणी घेतली. बाहेरची मारली, पण पिशवीवरच्याला हात लावायला ती धजेना, चिमाला लागेल म्हणून. तिनं डालग्यावर लुगडं टाकलं आणि कडा दगडांनी दाबून तिथंच बसून राहिली. आत गोकुळ चिमापाशी कोंडला गेला हे तिच्या लक्षात आलं नाही.

आरती संध्याकाळच्या आत आली. लुगडं काढलं आणि भिंग लावून बघितलं. आधी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तो आनंद होता. मग तिनं सोनीबाईकडे पाहिलं आणि तो गेला.

"मावशी," ती म्हणाली, "हा तिला खात नाहीये. हा तिचा नर आहे."

सोनीबाईला कळलं नाही. आरतीनं पुन्हा सांगितलं. पंख नसलेली पिशवीतली मादी आणि पंखांचं काळं पाखरू ही दोन नव्हेतच. एकाच जातीची नवराबायको आहेत. मादीच्या वासावर नर पाणी ओलांडून येतात. सरांनी नराला नाव दिलं, तिनं मादीला, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"मंग दोगांचं एकच नाव व्हनार?" सोनीबाईनं विचारलं.

"हो."

"कंचं?"

आरती लुगड्याची घडी घालू लागली. सोनीबाई हुशार बाई, काट्यावरून नजर न हलणारी. तिनंच हिशेब लावला. "पहिलं ठिवल्यालं."

आरतीनं मान हलवली.

सोनीबाईनं आरतीचे पाय धरले. मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि तसलं काही पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. "नका सांगू कुनाला," ती म्हणत होती. "मीच बोलावलं तुमाला. मी बोलावलं नसतं तर कळलं बी नसतं. पाखरं मी मारून टाकते. उज्ज्वला बोलायची न्हाई. तुमी गप ऱ्हावा."

आरती रडली, खूप रडली, सोनीबाईला मिठी मारून रडली. आणि रडून झाल्यावर तिनं त्या जोडीचे फोटो काढले, दोघांना बाटलीत घातलं आणि पुण्याला नेलं. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा स्पष्ट सांगितलं, गप्प बस म्हणून. कोणाचं काय अडलंय.

"ताई, आज ना उद्या कोणाला तरी हे दिसणारच," ती म्हणाली. "चूक माझी आहे, ती मीच दुरुस्त करायला हवी. खोटं कसं चालू देऊ?"

माझ्या मते खुशाल चालू द्यायचं होतं. जगात एवढी खोटी नावं चालतात, एका किड्याचं चाललं असतं. पण तिला सरांसमोर उभं राहायचं होतं, आणि सोनीबाईला दुखावणं त्यापेक्षा सोपं होतं. तिनं ते छापलं. खरं नाव गोकुली. त्याखाली बारीक अक्षरांत चिमाए, बाद.

तो कागद मात्र तिनं आणून दिला नाही. बातमी सरांकडून गोकुळला कळली. चांगल्या मनानंच कळवली असेल त्यांनी, तुमच्या पाखराची बायको सापडली म्हणून. गोकुळ दुकानात पेढे घेऊन आला. नवी बायको बरोबर होती, तिच्याही ओठाच्या कोपऱ्याला खपली होती. सोनीबाई आत हिरड्याच्या पोत्यावर बसलेली त्याला दिसली होती, तरी तो माझ्याशीच बोलला.

"बघा वैनी. माहेरी पळून गेली, पान्यात गेली, किड्यात गेली. शेवटी आली का न्हाई माझ्याच नावावर नांदाया?"

बाकड्यावरचे लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते, आमच्याकडच्या लोकांना हसायला एवढं पुरतं. मी पेढा घेतला नाही. सोनीबाई उठली, पदर खोचला, माझ्याकडून एक काडेपेटी घेतली आणि गेली. देवाशेजारचा कागद त्याच दिवशी तिनं काढून ठेवला.

हिवाळा गेला. सोनीबाई पहिल्यासारखी येत राहिली, पुन्हा तळाशी ओला हिरडा घालू लागली. मला वाटलं, चला, निभावलं.

वैशाखात पाणी उतरलं आणि बेटाला गाळातून वाट झाली. आमच्याकडे हे राब भाजायचे दिवस. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं त्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते. त्यासाठी सगळेच झाडं छाटतात, पण बेटावरची कोणी छाटत नाही. तो देवाचा हिरडा आहे, शिवाय फांदी तोडली तर माल बुडतो.

सोनीबाई कोयता घेऊन बेटावर जाऊ लागली. सकाळी जायची, ऊन चढल्यावर मोळी घेऊन यायची, पुन्हा जायची. गाळात तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत भरलेले, डोक्यावर हिरड्याच्या डहाळ्यांचा भारा, खाली नुसते पाय दिसायचे. दुकानावरून जाताना मी पाहिलं, प्रत्येक डहाळीला मोळकरणी लटकलेल्या होत्या. त्या दिवसांत पिशव्यांत आई मेलेली असते आणि अंडी भरलेली असतात, पावसाची वाट बघत. हे आरतीनंच पडवीत बसून तिला शिकवलेलं.

लोकांनी तिला टोकलं. गोजरबाई म्हणाली, "आगं म्हातारे, देवाचं झाड ते. पुढल्या जन्मी लटकशील."

"लटकीन," सोनीबाई म्हणाली.

बेटावरचं एक झाड तिनं सोडलं नाही. शेंड्यापर्यंत पोचली नाही तिथं आकडी लावून ओढलं. खाली पडलेल्या पिशव्या वेचून पदरात आणल्या. ती काय करते आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी एका शब्दानं बोलले नाही, आरतीला फोनही केला नाही, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

राब पेटवला तेव्हा मी तिच्या बांधावर होते. ओला सुका हिरडा धुरकटत पेटला. पिशव्या तडतडत होत्या, त्यांचा वास केस जळल्यासारखा येत होता. सोनीबाई काठीनं कडेच्या डहाळ्या आत लोटत होती. एखादी पिशवी घरंगळून बाहेर आली की ती बोटांनी उचलून पुन्हा आगीत टाकायची, चटके बसत होते तरी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळं असेल म्हणून मी विचारलं नाही. त्या राबावर त्या वर्षी रोप मात्र उत्तम उगवलं.

आश्विनात आरती आली. सर नव्हते, एकटीच आली. बेटावर सकाळ संध्याकाळ जाऊन शोधलं. झाडांना नवी पालवी फुटली होती, पण पिशवी एकही नव्हती, पाखरू एकही नव्हतं. काठावरच्या रानात शोधलं, पलीकडच्या डोंगरात शोधलं. शेवटी दुकानात येऊन बसली, तेव्हा सोनीबाई काठावरच्या रानातल्या हिरड्याचं पोतं घेऊन आलेली होती. आरतीनं तिच्या हातांकडे पाहिलं. भाजल्याचे डाग बोटांवर अजून पांढरे दिसत होते.

"मावशी, तुम्ही जाळल्या?"

"राबाला लागतं टाहाळं."

"जगात दुसरीकडे कुठंही नव्हत्या त्या. सगळी जात संपली." आरतीचा आवाज चढला. तिला मी पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. "आणि उपयोग काय झाला? किडा संपला तरी नाव पुसलं जात नाही. पुस्तकात ते कायम राहतं. गोकुली होतं, गोकुलीच राहणार. तुम्ही त्याला काहीच केलं नाहीत. तुम्ही फक्त तिला मारलंत."

मला वाटलं सोनीबाई कोसळेल. हे तिला ठाऊक नसणार, असं मी धरून चालले होते. पण ती पोत्याचं तोंड सोडत राहिली. सुतळीची गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दातांनी ओढली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "नाव ऱ्हाऊ दे की त्याचं. नावाला काय करायचंय आता. येकदा मीच तिला हातानं त्याच्या घरात निऊन घातली व्हती. आवंदा न्हाई घातली."

 सोनीबाईनं पोतं माझ्या काट्यावर ठेवलं आणि नेहमीसारखी काट्याकडे बघत उभी राहिली. मी तळात हात घालून पाहिलं. हिरडा ओला होता. मी वजन केलं आणि पूर्ण लावलं.